टी, ई, चार तारे, ओ

पहाटे चारला सिकिहोरची बोट धक्क्याला लागते
आणि मी पातेल्याचं झाकण उचलते, तेओदुलो.
केळीच्या पानात चिकट भात, आल्याच्या वासाचा,
शेजारी सिक्वाते,
चमचा उभा राहील इतकं घट्ट.
बोहनी अजून तुझ्याच नावानं होते.

बोटीतून उतरलेलं पोरगं
बाकड्याला नायलॉनच्या दोरीनं टांगलेला
काळा-पांढरा चौकोन फोननं टिपतं,
भुवया उडवून विचारतं,
"टी, ई, चार तारे, ओ. हेच ना, नानाय?"
हेच, म्हणते मी.
हाच.

कंपनी म्हणे पूर्ण नाव दाखवत नाही.
सुरक्षेसाठी.
मधली चार अक्षरं झाकून ठेवते.
तशीही दुमागेतेच्या बाजाराला तुझी टोकंच माहीत होती,
दारातून आत येतानाचा तू
आणि दारातून बाहेर पडतानाचा.
मधलं सगळं माझ्याकडे.

तुझ्या हातात पैसा कधी टिकला?
शनिवारी आलेला
रविवारी कोंबड्याच्या पायाला बांधलेल्या पात्यावर उडाला.
उधारीवाले गल्लीच्या तोंडाशी
आणि तू मागच्या कुंपणावरून पसार.
आता बघ, माणसं रांग लावून तुलाच देतात,
पंधरा पेसो, तीस, पंचेचाळीस,
आणि तू गप.
एक दमडी इकडची तिकडे नाही.
मेल्यावर शहाणा झालास.

(तुझा चार आकड्यांचा गुप्त नंबर शोधताना दोनदा चुकले.
आपल्या लग्नाचं साल नव्हतं.
लेकीच्या जन्माचंही नव्हतं.
तुझा तो तांबडा कोंबडा ज्या साली जिंकला, ते निघालं.
त्या दिवशी फोन समुद्रातच टाकणार होते.)

गेल्या मंगळवारी पडद्यावर सूचना आली.
खातेदारानं चेहरा चौकटीत धरावा.
चष्मा काढावा. उजेडात उभं राहावं.
शेजारचा रेनिएल, फोनची काच बदलून देतो तो,
म्हणाला, सात दिवस आहेत. मग कुलूप.

रात्री भिंतीवरून तुझा फोटो उतरवला,
मेणबत्तीची काजळी बाहीनं पुसली,
दिव्याखाली चौकटीत धरला.
कडेचं वर्तुळ हिरवं झालं.
ओळखलं त्यानं तुला!
मग म्हणालं, डोळे मिचकवा.

मी वाट पाहिली.
फोटो जरा हलवून बघितला.
डोळे मिचकवा.
खोटं बोलताना डावा डोळा मिटायची तुझी खोड,
तीस वर्षं तिच्यावरून भांडले मी तुझ्याशी.
एकदा, रे.
एकदाच.

सकाळी रेनिएलनं माझ्या नावाचं खातं काढलं.
माझा चेहरा लगेच चालला,
मी मिचकावले डोळे, जरा जास्तच वेळ.
मग त्यानं तुझ्यातले माझ्यात वळवले.
फोन टिंग वाजला.
दोन हजार तीनशे ऐंशी पेसो मिळाले,
पाठवणारा: टी, ई, चार तारे, ओ.

रेनिएलला कळेना, बाई हसते कशाला.
अरे बाबा, ह्या माणसानं
ठरल्या दिवशी, न मागता, मोजून
पहिल्यांदा हातावर पैसे ठेवलेत माझ्या.

नवा चौकोन आज टांगलाय. कागद अजून कडक आहे.
बोटीवरची एक बाई वाचत होती,
एन, ई, तीन तारे...
भात बांधता बांधता
मीच मागं वळून बघितलं, कोणाला विचारतेय म्हणून.

तुझ्या खात्यात वीस पेसो ठेवलेत.
रेनिएल म्हणाला, राहू दे कशाला, कुलपात अडकतील.
अडकू देत.
रविवार आहे उद्या.